पुरवणी

बीम हातगाडीवरून येतं, सायझिंगमधून, अजून कोमट.
चिंचोक्याच्या खळीचा आंबूस वास त्याच्या अंगाला,
प्रत्येक धागा शेवईसारखा ताठ.
मुख्तारशेठ म्हणतात, संध्याकाळपर्यंत भरून द्या.
ते दर वेळी हेच म्हणतात.
चोवीसशे धागे.

त्या बाजूला हिलाल आप्पा, हातात आकडी.
या बाजूला मी, बीमच्या पोटाशी, पाटावर.
मध्ये वही टांगलेली.
शाळेतली वही सातवीत सुटली,
ही बाविसाव्या वर्षी धरली.
हिला पानं नाहीत, डोळे आहेत,
तारेचे, तिळाएवढे,
एका डोळ्याला एकच धागा.
आप्पाची आकडी डोळ्यातून माझ्याकडे येते,
मी तिच्यात धागा अडकवते,
आकडी परत जाते.
पहिली, तिसरी, दुसरी, चौथी.
पहिली, तिसरी, दुसरी, चौथी.

माझ्या कामाचं नाव पुरवणी.
हिशेबाच्या कागदावर ते नसतं,
तिथं आप्पाचं नाव,
आणि पुढे बारीक अक्षरात : सोबत एक.

अकरा वर्षं आम्ही समोरासमोर
आणि कामात मी आप्पाचा चेहरा पाहिलेला नाही.
तारांच्या जाळीतून दिसतो फक्त अंगठा,
नखाशी खाच पडलेला.
त्याची बायको गेली त्या महिन्यात
आकडी जरा जोरात यायची, एवढंच.
मला दिवस गेले तेव्हा
एका सकाळी पाटाखाली दोन विटा होत्या.
कोणी ठेवल्या, मी विचारलं नाही.

भिंतीपलीकडे बत्तीस लूम.
बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून बोलायचं
वीज गेल्यावर.
पांझरेला पाणी सोडलं का,
डब्यात आज कळण्याची भाकरी की बाजरीची,
खळ पातळ झालीय, धागा केस सोडतोय,
सायझिंगवाल्याला सांगायला हवं.
मग वीज येते आणि वाक्य अर्ध्यावर राहतं,
पुढच्या विजेपर्यंत.

गेल्या चैत्रात पंच्याचं बीम होतं.
सगळं पांढरं,
फक्त दोन्ही कडांना सोळा-सोळा धागे लाल.
दुपारची वीज गेलेली,
पत्र्याच्या फटीतून ऊन थेट वहीवर.
आप्पानं विचारलं, "किनार उनी का?"

मी हसणार होते.
त्याच्या आकडीवरून सात लाल धागे जाऊन चुकले होते.
मग हसू आलं नाही.
म्हटलं, "उनी ना आप्पा. आते आठवा."

आकडी डोळ्यातच थांबली.
बाहेर कुणीतरी टपरीवर ग्लास विसळत होतं,
तेवढं ऐकू आलं.
मग ती पुढे आली, आठव्यासाठी.

त्या रात्री मी मागचं सगळं उलगडून पाहिलं.
कधीपासून?
कधीपासून मी आकडीपाशी धागा नेतेय,
ती धाग्यापाशी येत नाहीये?
कधीपासून तो तार मोजतो अंगठ्याच्या खाचेनं?
एक धागा चुकीच्या डोळ्यात गेला
तर चूक कापडाच्या टोकापासून टोकापर्यंत चालत जाते.
शेठ तागा उलगडून उजेडाकडे धरतात.
त्यांना अजून काही सापडलेलं नाही.

आता लाल सुरू झाला की
मी आकडीला नखानं दोनदा टिचकी मारते.
लूम कितीही ओरडोत, टिचकी हाडातून पोचते.
पांढरा परत आला की एकदा.
असं करायचं आमचं ठरलेलं नाही.
त्यानंही कधी विचारलं नाही
की ही टिचकी कसली.

काल मात्र, भर पांढऱ्यात,
किनार कुठच्या कुठे असताना,
आकडी आली आणि माझ्या नखाजवळ
तिनंच तारेवर दोनदा टकटक केलं.

तंबाखू हवी असेल.
पाणी हवं असेल.
की नुसतंच, मी आहे ना, एवढं.
वीज जायची वाट बघण्यात अर्थ नव्हता,
शेठ दारात उभे होते.

मी धागा दिला.
चौदाशे बारावा.
पांढराच होता.